तिसरी चिठ्ठी

२०२४ च्या स्वातंत्र्यदिनी, झेंडावंदन आटोपून जिलेबीचे पुडे वाटून झाल्यावर, आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या कचेरीत बसून मी बुकायो साका नावाचा एक तरुण इंग्रज घेतला. ‘घेतला’ या क्रियापदाने वाचकांनी दचकू नये. त्या गृहस्थाला याची काडीमात्र कल्पना नव्हती, आणि माझ्या खिशातून एक पैसाही गेला नव्हता. परंतु त्या घेण्यावरून आमच्या घरात जे घडले, ते सांगण्यासाठी यंदाच्या दिवाळीचे हे पान खर्ची घालतो आहे. एरवी या सदरात मराठी शुद्धलेखन, प्राध्यापकांच्या छत्र्या आणि परीक्षकांचे मानधन अशा शाश्वत विषयांचा ऊहापोह होत असतो. या खेपेस फुटबॉल आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रकार थोडक्यात असा. इंग्लंडात प्रीमियर लीग नावाची स्पर्धा चालते. तीत वीस संघ. त्या संघांतील खऱ्या खेळाडूंमधून आपण घरबसल्या आपला एक काल्पनिक संघ जमवायचा आणि ते खेळाडू शनिवार-रविवारी मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्या खाती मांडायचे. साठ मिनिटे खेळला तर दोन गुण, गोल करवून दिला तर तीन, मधल्या फळीतल्याने गोल केला तर पाच. याची जी आवृत्ती जगभर लाखो लोक २००२ पासून खेळत आले, तिच्यात प्रत्येकाला दहा कोटी पौंडांचे लुटुपुटीचे भांडवल मिळते आणि एकच खेळाडू हजारो जणांच्या संघात असू शकतो. आमच्या सोसायटीत मात्र दुसरी, अधिक कडक आवृत्ती चालते. तिला ड्राफ्ट म्हणतात. तीत पैसा नाही. आठ जण टेबलाभोवती बसतात आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. एकाने उचलला की तो इतर सातांना वर्षभर मिळायचा नाही. म्हणजे ही खरेदी नव्हे, ही वाटणी आहे. आणि वाटणी म्हटली की मराठी माणसाचे रक्त उसळते, हे मी वाङ्मयाच्या अभ्यासावरून सांगू शकतो.

मी या आठांत शिरलो तो गुणवत्तेवर नव्हे. आमचे चिरंजीव, त्यांचे तीन मित्र, दुसऱ्या मजल्यावरचे एक चार्टर्ड अकाउंटंट, बी विंगमधली वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी एक हुशार मुलगी आणि तळमजल्यावरचे निवृत्त मोटरमन असे सात जण उरले होते; आठवा मुलगा शिकायला जर्मनीस गेला. दर आठवड्याला चार जोड्या लावून सामने मांडायचे तर सात जणांत एक बिनजोडीचा राहतो. चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. दहावीच्या निकालानंतर आमचा संवाद एकाक्षरी झाला होता. मी प्रश्न विचारावा आणि त्यांनी ‘हो’ किंवा ‘ना’ म्हणावे. असे असता एका रात्री ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाबा, एक जागा आहे. तुम्ही येता का? नुसतं नाव दिलंत तरी चालेल.” एवढे लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. मी तत्काळ होकार दिला. मात्र ‘नुसतं नाव’ हे शब्द मला लागले. मास्तर माणूस नाव देतो तो पुरा अभ्यास करण्यासाठी.

‘ड्राफ्ट’ या शब्दाचा मला ठाऊक असलेला पहिला अर्थ मसुदा आणि दुसरा बँकेतला. आता मी त्या रात्रीपासून ड्राफ्टच्या धोरणाचा मसुदा, म्हणजे ड्राफ्टचाच ड्राफ्ट, करायला बसलो. दोनशे पानी वही आणली. वळणदार अक्षरामुळे लीगची अधिकृत नोंदवहीही पुढे माझ्याकडेच आली. वहीचा पुढचा भाग लीगचा आणि मागची पाने माझी खाजगी. ही व्यवस्था मला नंतर भोवली.

आधी मूळ शोधले, कारण उगमाशिवाय मला पुढे सरकता येत नाही. हा वाटणीचा खेळ अमेरिकेतला निघाला. कॅलिफोर्नियातील ओकलंड गावच्या विंकेनबाक नावाच्या गृहस्थांनी १९६२ मध्ये काही मित्रांसह ही कल्पना काढली आणि १९६३ मध्ये त्यांच्या घरी पहिली उचल झाली. तो फुटबॉलही अमेरिकन, म्हणजे ज्यात पाय मुख्यतः पळण्यासाठी वापरतात आणि चेंडू हातात धरतात तो. इंग्लंडच्या लीगने ड्राफ्टची अधिकृत आवृत्ती २०१७ मध्ये काढली. योगायोग असा, की त्याच वर्षी २३ जुलैला आपल्या मुंबईत खऱ्याखुऱ्या माणसांचा ड्राफ्ट झाला. इंडियन सुपर लीगचे दहा संघ एकत्र बसले आणि त्यांनी देशी खेळाडू पाळीपाळीने उचलले. जमशेदपूरचा संघ नवा, हाती एकही खेळाडू नसलेला. त्याने सर्वांत आधी कोणाला उचलावे? केरळच्या अनस एडाथोडिका या बचावपटूला! किंमत १ कोटी १० लाख. गोल करणाऱ्याला नव्हे, गोल अडवणाऱ्याला. ही हकीकत मला चिरंजीवांनी सांगितली, आणि ती सांगताना त्यांचे डोळे असे चकाकले की मी ती वहीत लाल शाईने उतरून घेतली.

आता गणित. प्रत्येकाने पंधरा खेळाडू घ्यायचे: दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले आणि तीन आघाडीवीर. आठ जणांचे मिळून एकशे वीस. प्रथमदर्शनी वाटते, जो जास्त गुण मिळवून देईल तो आधी उचलावा. येथेच नवशिके फसतात. गोलरक्षक सोळा लागणार. संघ वीस, म्हणजे नियमित खेळणारे गोलरक्षक वीस. सगळ्यांची पोटे भरून वर चार उरतात! मग त्यांच्यासाठी धावाधाव कशाला? याउलट आघाडीवीर चोवीस लागणार, आणि हल्ली बहुतेक संघ पुढे एकच माणूस उभा करतात. म्हणजे ज्याने आळस केला त्याच्या वाट्याला शेवटी असा आघाडीवीर येतो, जो वर्षभर मैदानाच्या कडेला बाकावर बसून च्युइंगम चघळतो. तेव्हा खेळाडूची किंमत त्याच्या गुणांवर ठरत नाही. तो गेल्यावर मागे जो उरेल, त्याच्याहून तो किती सरस आहे यावर ठरते.

हे मला कागदावर उमगायला चार दिवस लागले. आमच्या सौभाग्यवतींना ते उपजत ठाऊक होते. ४ ऑगस्टचा रविवार होता, दीप अमावास्या. श्रावण दुसऱ्या दिवशी लागणार म्हणून अर्धे मुलुंड मासळीबाजारात लोटले होते. मासेमारीची बंदी उठून चारच दिवस झालेले. मी पिशवी घेऊन निघालो आणि वाटेत स्वस्त दिसली म्हणून प्रथम कोथिंबीर घेतली, मग आले, मग लिंबे. कोळणीपाशी पोहोचेपर्यंत सुरमई संपली होती. घरी आल्यावर मला जे ऐकावे लागले त्यातला छापण्याजोगा भाग असा: “अहो, कोथिंबीर कुठे पळून जाते का? ती दुपारी एकलासुद्धा मिळते, वर फुकट मिळते. जे संपणार ते आधी घ्यायचं. एवढी पुस्तकं वाचता, मग हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही?” मी त्याच पावली खोलीत जाऊन वहीत लिहिले: ‘गोलरक्षक = कोथिंबीर’.

दुसरा धडा मध्य रेल्वेने दिला. मी घाटकोपरच्या कॉलेजात शिकवतो. सकाळच्या गाडीत मुलुंडला चढणारा अनुभवी प्रवासी रिकामी जागा शोधत नाही, कारण ती नसतेच. तो घाटकोपरला उतरणारा माणूस शोधतो. चेहरे न्याहाळतो, मांडीवरची बॅग पाहतो, आणि विक्रोळी यायच्या आत त्याच्या गुडघ्यासमोर जाऊन उभा राहतो. ड्राफ्टमध्येही हेच. उचलीची पाळी नागमोडी जाते: पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलट, आठ ते एक. समजा, तुमची चिठ्ठी तिसरी आली. तुमची पहिली उचल तिसरी, दुसरी चौदावी, तिसरी एकोणिसावी. तिसऱ्या आणि चौदाव्याच्या मध्ये दहा माणसे जातात. तिथे कोणाचा भरवसा धरू नये, हवे ते उचलून मोकळे व्हावे. पण चौदाव्या आणि एकोणिसाव्याच्या मध्ये चारच जातात, आणि तेही दोनच माणसांच्या हातून, पहिल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीवाल्यांच्या. त्या दोघांच्या ताटात काय पडले आहे तेवढे पाहावे. ज्याची त्यांना भूक नाही ते परातीत तसेच राहते. ते नंतर घ्यावे. थोडक्यात, खेळाडूंची माहिती कोणालाही मिळते. माहिती हवी ती शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाची. तो कुठे उतरणार?

इथपर्यंत माझे धोरण नामी होते. पंचाईत अशी झाली, की एका शेजाऱ्याची माहिती मला जरुरीपेक्षा अधिक होती.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी मी चिरंजीवांच्या टेबलावर स्टेपलर शोधत होतो. तिथे त्यांचे फिजिक्सचे जर्नल पडले होते आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी होती. मी पाहायला नको होती. वीस वर्षे मी परीक्षांना सुपरव्हिजन करतो आहे. शेजाऱ्याच्या पेपरावर डोळा गेला म्हणून मी भलीभली मुले उठवली आहेत. तरीही नजर गेली ती गेलीच. सगळ्यांत वर लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहचे नाव होते आणि त्याखाली तीन रेघा.

त्या तीन रेघांनी माझे धोरण विस्कटले. ते समजण्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर २०१९ मध्ये अंधेरीस यावे लागेल.

१७ मार्च २०१९, रविवार. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अंधेरीच्या क्रीडा संकुलात होता, बेंगळुरू विरुद्ध गोवा. चिरंजीव पाचवीत होते. हट्ट धरला म्हणून त्यांना घेऊन गेलो. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. जादा वेळ खेळणार असे जाहीर झाले. माझ्या डोक्यात दुसरेच वेळापत्रक सुरू होते: आझाद नगरहून मेट्रो, घाटकोपरला उतरून मुलुंडची गाडी, घरी पोहोचायला अकरा, सकाळची शाळा, आठवड्यावर आलेली वार्षिक परीक्षा. मी म्हटले, “चल, उठ.” मुलगा रडला नाही की बोलला नाही. हात धरून बाहेर आणला. मेट्रो असल्फाच्या आसपास आली असेल, तेव्हा डब्यात मोबाईलवर सामना पाहणारा एक तरुण ओरडला, “घुसवला! भेकेने घुसवला!” ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावून राहुल भेके या बेंगळुरूच्या बचावपटूने गोल केला होता आणि त्या एका गोलावर करंडक गेला. मुंबईत जन्मलेला मराठी मुलगा, मुंबईतले मैदान, आणि आम्ही असल्फाला. चिरंजीव खिडकीच्या काचेकडे तोंड करून उभे होते. काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यानंतर त्यांनी माझ्याबरोबर मैदानावर येण्याचा हट्ट कधी धरला नाही.

आता पुन्हा मुलुंडच्या कचेरीत. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. अकाउंटंट पहिले, बी विंगची मुलगी दुसरी, मी तिसरा आणि, नशिबाची थट्टा पाहा, चिरंजीव चौथे. पहिल्यांनी अर्थातच मँचेस्टर सिटीचा हालँड उचलला. तो आघाडीवीर, आणि त्याचा गोलांचा रतीब जगजाहीर. मुलीने चेल्सीचा कोल पामर उचलला. ज्याच्या गोलाला मधल्या फळीचे पाच गुण मिळतात तो सलाह परातीत तसाच. गणित, मासळीबाजार आणि मध्य रेल्वे तिन्ही एकमुखाने सांगत होती: घे! शेजारच्या खुर्चीवर चिरंजीव पेनाचे टोपण काढत होते, लावत होते.

“बाबा, तुमची पाळी,” कोणीतरी म्हणाले.

मी म्हटले, “साका.”

टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मोटरमन माझ्याकडे असे पाहू लागले जणू मी लाल सिग्नल ओलांडला. चिरंजीवांनी मात्र माझे वाक्य पुरे होण्याआधीच सलाह उचलला होता. साका काही वाईट नव्हता. आधल्या हंगामात त्याने सोळा गोल केले होते. पण मनाशी मी ते पाच वर्षांपूर्वीचे अंधेरीचे व्याज समजूनच दिले, आणि त्या रात्री मला छान झोप लागली.

हंगामाचा तपशील सांगत बसत नाही. डिसेंबरात साकाच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो थेट एप्रिल उजाडल्यावर उगवला. तेवढ्या काळात सलाह मात्र इजिप्तच्या पिरॅमिडसारखा वाढत गेला: २९ गोल, १८ गोलांना साहाय्य, ३४४ गुण. त्या खेळाच्या अधिकृत इतिहासात एका हंगामात इतके गुण तोवर कोणीच मिळवले नव्हते. माझी लाज राखली ती मासळीबाजाराच्या सूत्राने. आघाडीवीर संपत आले असताना मी नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ख्रिस वूड हा बत्तिशी उलटलेला न्यूझीलंडचा गृहस्थ उचलला होता, तेव्हा मुले हसली होती. त्याने वीस गोल केले. आणि अगदी शेवटी, कोथिंबीर म्हणून पिशवीत टाकलेला त्याच संघाचा गोलरक्षक सेल्स तेरा सामन्यांत एकही गोल न खाता सर्वांत वरच्या दोघांत आला. मी आठांत तिसरा आलो. चिरंजीव पहिले.

आमच्या लीगचे बक्षीस म्हणजे स्टीलचा एक गडू. सोसायटीच्या कुठल्याशा जुन्या सत्यनारायणाचा, काठाला पोचा आलेला. २५ मे २०२५ ला हंगाम संपला. त्या रात्री चिरंजीवांनी गडू टेबलावर ठेवला आणि वर्षभराची बेरीज स्वतः तपासून पाहण्यासाठी माझ्याकडून वही मागून घेतली. मी आनंदाने दिली. पंधरा मिनिटांनी ते माझ्या खोलीच्या दारात उभे होते, हातात वही, मागून उघडलेली.

त्या पानावर, माझ्या त्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात, लिहिलेले होते: ‘चिठ्ठी ३ आल्यास व सलाह उरल्यास – चि. ला हवा आहे – सोडावा.’

“हे काय आहे?”

मास्तरांना प्रश्न विचारण्याची सवय असते, उत्तर देण्याची नसते. मी काहीतरी पुटपुटलो.

“मला हवा होता हे तुम्हाला कसं कळलं?”

मी जर्नलचे सांगितले. दडवून उपयोग नव्हता.

“म्हणजे आधी कॉपी,” ते म्हणाले, “आणि मग दान.” थोडे थांबून, आवाज न चढवता पुढे म्हणाले, “अंधेरीला तुम्ही मला उठवलंत ना बाबा, तेव्हा निदान सांगून उठवलंत. मी वर्षभर प्रत्येक शनिवारी जागलो. मला वाटलं मी जिंकलो.”

वही त्यांनी टेबलावर ठेवली, तिच्यावर गडू ठेवला आणि दिवा मालवून गेले. अंधेरी त्यांच्या इतकी लक्षात होती हे मला तेव्हा कळले. आणि तिची फेड मी परस्पर, त्यांच्या सहीशिवाय केली होती, हेही.

तो गडू दोन महिने कोणी उचलला नाही. शेवटी सौभाग्यवतींनी त्यातून तुळशीला पाणी घालायला सुरुवात केली. भांडे रिकामे ठेवणे त्यांच्या धोरणात बसत नाही.

२०२५ च्या १५ ऑगस्टला पुन्हा झेंडावंदन, पुन्हा जिलेबी, दुसऱ्या दिवशी दहीहंडी म्हणून मैदानात दोर बांधण्याची आरडाओरड. मी यावे की नाही असा प्रश्न होता. चिरंजीव आता बारावीत. सकाळी बूट घालता घालता ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “येताय ना? सात जणांत जोडी लागत नाही.” मी गेलो. वही नेली, पण मागची पाने फाडून. फिजिक्सच्या जर्नलच्या वाटेला गेलो नव्हतो. स्टेपलर नवा विकत आणला होता.

चिठ्ठी उघडली. एक! चिरंजीवांनी आपली उघडली. दोन. त्यांनी ती टेबलावर माझ्या चिठ्ठीशेजारी मांडली आणि हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत राहिले. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

३४४ गुणांचा माणूस समोर होता. “सलाह,” मी म्हटले, आणि स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

“थँक्यू,” चिरंजीव म्हणाले. माझ्या सलाह घेण्याबद्दल आभार मानणारा प्रतिस्पर्धी पाहून मोटरमन चक्रावले. मग चिरंजीवांनी, बाजारात उरलेले उचलावे तशा थाटात, हालँड घेतला.

त्यानंतर आठवड्याभरात दिल्लीत पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि २००८ पासून मुंबईतून असाच काल्पनिक संघांचा, प्रामुख्याने क्रिकेटचा, मोठा व्यवहार चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. सोसायटीचे सेक्रेटरी हातात वर्तमानपत्र घेऊन आमच्याकडे आले आणि आत-बाहेर पाहत, हलक्या आवाजात म्हणाले, “सर, तुमचं ते कचेरीतलं... काही अडचण नाही ना?” मी त्यांना तुळशीजवळचा गडू दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा करून पाहिला, पोचा पाहिला आणि चहा न घेता गेले.

धोरण म्हणून विचाराल तर माझी पहिली उचल निर्दोष होती. पण सप्टेंबर संपत आला तेव्हा सहा सामन्यांत सलाहचे गोल दोन आणि हालँडचे आठ! नवरात्रातला रविवार होता, २८ सप्टेंबर. आदल्या दिवशी लिव्हरपूल हरले होते आणि हालँडने बर्नलीविरुद्ध सामना संपता संपता दोन गोल ठोकले होते. मी तक्त्यात सातवा. आम्ही जेवायला बसलो होतो. चिरंजीव आमटी वाढून घेत म्हणाले,

“सलाह देता का?”

मी घास तसाच धरून विचारले, “बदल्यात?”

“एक गोलरक्षक. आणि वर एक बचावपटू.”

“कोथिंबीर देऊन सुरमई मागतोस?”

“सुरमई शिळी झाली आहे बाबा. वास येतोय.”

“सणावाराचं ताटावर काय बोलताय दोघं!” सौभाग्यवती म्हणाल्या. “भात निवतोय.”

मी म्हटले, “डिसेंबरात आफ्रिकेच्या स्पर्धेला सलाह महिनाभर जाईल, हे तुला ठाऊक आहे, आणि तरी मागतोस. म्हणजे त्याच्या आधी तो उसळणार असा तुझा होरा आहे.”

“किंवा,” चिरंजीव म्हणाले, “तुम्हाला तसं वाटावं म्हणून मागतोय.”

“मग बचावपटू कोण देतोस ते बोल. नाव सांग.”

त्यांनी नाव सांगितले. मी मान हलवली आणि हालँड मागितला. चिरंजीव मोठ्याने हसले, ताट थोडे बाजूला सारले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.